आजारी पडण्यापूर्वी अर्ज करावा

आपल्या मराठीत माणूस आजारी 'पडतो'. तो आजारी बसत नाही, आजारी निघत नाही. झाडावरचा आंबा पडावा किंवा जिन्यावरून पोर पडावे, तसा तो पडतो. वीस वर्षे मी वर्गात मराठी शिकवीत आलो. पण या साध्या क्रियापदातले शहाणपण माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. पडणारा माणूस आधी सूचना देत नाही. 'अमुक तारखेस सकाळी साडेदहा वाजता मी जिन्यावरून पडणार आहे, तरी परवानगी असावी,' असा अर्ज आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मग आजारी पडणाऱ्याने मात्र तो आधी करावा, असे आपल्या कचेऱ्यांना का बरे वाटते? हा प्रश्न मला पडला तेव्हा माझ्या अंगात १०३ अंश ताप होता. एरवी मीही नियम पाळणारा, आणि पाळायला लावणारा माणूस!

ती १ ऑक्टोबर २०२३ ची संध्याकाळ होती. दिवस रविवार. दुपारी भरपेट जेवून झोपलो, तो उठलो हुडहुडी भरूनच. डोळ्यांच्या मागे कोणी खुंटी ठोकीत असावे तसे दुखत होते, आणि हाडे तर एकेक मोजून घ्यावीत अशी ठणकत होती. दुसऱ्या दिवशी गांधी जयंतीची सुटी. मंगळवारी रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले, पाणी भरपूर प्यायला सांगितले, आणि रोज रक्त तपासायला बजावले.

आमच्या सौ.नी लगेच कॉलेजात फोन लावला. आमचे हेडक्लार्क अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांचा आवाज मला अंथरुणावरून ऐकू येत होता.

"वहिनी, सरांना म्हणावे, अजिबात काळजी करू नका. चांगली विश्रांती घ्या. फक्त तेवढा रजेचा अर्ज भरून टाका."

अर्ज आता कागदावर नसतो. तो संगणकावर असतो. सौ.नी माझ्या नावाने तो उघडला. रजेचे कारण लिहिले: ताप. कोणत्या तारखेपासून? मंगळवार, ३ ऑक्टोबर. यंत्राने ती तारीख घेतली नाही. रजेचा अर्ज किमान एक दिवस आधी केला पाहिजे, असे तांबड्या अक्षरांत उमटले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम.

"अहो," सौ. म्हणाल्या, "या यंत्राच्या मते तुम्हांला उद्यापासून आजारी पडता येईल. आज पडता येत नाही."

मला हसू आले. पण हसल्याबरोबर डोक्यात कळ गेली. पुन्हा फोन. हेडक्लार्क म्हणाले, यावर उपाय आहे. कागदी अर्ज चालेल. मात्र त्यावर सरांची सही प्राचार्यांच्या समक्ष झाली पाहिजे. ती शुक्रवारपर्यंत झाली नाही, तर 'विनापरवानगी गैरहजर' असा शेरा लागेल, आणि शनिवारी पगारपत्रक जाईल ते त्या शेऱ्यासकट. "सरांनी एकदा पाच मिनिटे येऊन जावे. यंत्रावर अंगठा दिला की झाले."

गुरुवारी रात्री ताप उतरला. शुक्रवारी सकाळी मला बरे वाटू लागले. आता पाच मिनिटांसाठी गेले तर काय बिघडते? सौ. नको नको म्हणत असताना मी रिक्षा बोलावली. कॉलेजच्या दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा ठेवला. पुन्हा तेच उत्तर. चार दिवसांच्या तापाने बोटांची कातडी सुकली होती की काय, कोण जाणे! तिसऱ्या खेपेस अंगठा उचलला, आणि समोरची फरशी आपण होऊन माझ्याकडे येऊ लागली, एवढेच मला आठवते.

शुद्धीवर आलो तो इस्पितळात. रक्तातल्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असायला हव्यात; माझ्या ३२ हजारांवर आल्या होत्या. डॉक्टर चांगलेच रागावले. डेंग्यूत खरी जोखीम असते ती ताप उतरल्यानंतरच्या एकदोन दिवसांत, हे त्यांनी मला तेव्हा समजावले. ताप जातो, रोग्याला वाटते आपण बरे झालो, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागते. रक्तदाब घसरतो. "अशा वेळी माणसाने खाटेवरून उठूसुद्धा नये," ते म्हणाले, "आणि तुम्ही काय, तर अंगठा द्यायला गेलात!"

चार दिवस सलाइनवर काढले. गंमत अशी, की यंत्राने अंगठा ओळखला नाही म्हणून त्या शुक्रवारीही माझी गैरहजेरीच लागली. जो माणूस कॉलेजच्या दारातून चार जणांनी उचलून नेला, तो दप्तराच्या मते त्या दिवशी कॉलेजात आलाच नव्हता!

डॉक्टरांनी दाखला दिला, त्यात मी १५ ऑक्टोबरपासून कामावर जाण्यास योग्य असल्याचे लिहिले. १५ तारखेला रविवार होता. सोमवारी, १६ तारखेला, मी रुजू झालो. महिन्याभराने कागद परत आला, त्यावर विचारणा होती: 'आपण १५ रोजी तंदुरुस्त होता, तर त्या दिवशी हजर का झाला नाहीत, याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला, की त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाला कुलूप होते. तो मान्य झाला असे तोंडी कळले. लेखी अजून यायचे आहे.

ही कहाणी मी शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितली, तेव्हा सर्वजण पोट धरधरून हसले, आणि प्रत्येकाने आपापली एकेक सांगितली. कोणाला दाढदुखीसाठी आधी परवानगी मागावी लागली होती. एकीच्या मुलाला फिट आली, ती तशीच धावत गेली, म्हणून तिचा अर्धा दिवस कापला गेला होता. कोणाच्या शनिवारच्या आणि सोमवारच्या रजेमधला रविवारही रजेतच मोजला गेला होता. मी मोठ्या तावातावाने हेडक्लार्कांकडे गेलो.

त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि टेबलाचा खालचा खण ओढला. "सर, हे जरा बघा."

खणात वैद्यकीय दाखल्यांची चळत होती. एकाच डॉक्टरच्या एकाच अक्षरातले, एकच रोग लिहिलेले कितीतरी दाखले. लग्नसराईत ताप, मे महिन्याच्या तोंडावर पाठदुखी. त्या ऑक्टोबरात क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने चालू होते, त्यामुळे सामन्यासामन्याला पोट बिघडलेले. एका गृहस्थांचा दाखला तर आजाराच्या दोन दिवस आधीच्या तारखेचा होता. "आता सांगा," हेडक्लार्क म्हणाले, "मी नियम सैल केला, तर उद्या हिशेबतपासनीस कोणाला धरतील? तुम्हांला की मला?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपण नोकरदार माणसे काही हरिश्चंद्राचे अवतार नाही. एकाच आजीला तीनदा स्वर्गवासी करणारे महाभाग प्रत्येक कचेरीत असतात. परंतु तो खण पाहता पाहता माझ्या लक्षात एक गोष्ट आली. त्या चळतीतला एकही अर्ज उशिरा आलेला नव्हता! खोटे आजारपण आधी ठरवता येते. म्हणून खोट्या आजाऱ्याचा अर्ज नेहमी वेळेवर येतो, दाखला जोडलेला असतो, तारखा जुळलेल्या असतात. नियम ज्याच्यासाठी केला, तोच नियमातून अलगद सुटतो. सापडतो तो खरोखरी तापाने फणफणलेला. त्याच्याकडे रोग तेवढा असतो, कागद नसतो.

मराठीचा मास्तर म्हणून मला 'रजा' या शब्दाचेच कुतूहल वाटू लागले. दप्तरातली आपली बरीचशी बोली अरबी-फारसीतून आलेली. हजर, गैरहजर, मंजूर, दाखला, रुजू, सगळे त्या घरचे. 'रजा' हाही अरबी. त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी. 'राजी' हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे रजा ही मुळातच देणाऱ्याच्या खुशीची गोष्ट. आमच्या राज्य सरकारी नोकरांचे रजा नियम १९८१ चे. त्यांतही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरचा दाखला हाती आला, म्हणून रजेचा हक्क उत्पन्न होत नाही, हेही सांगितले आहे. वैद्यकीय कारणाने रजेवर गेलेल्याने परत येताना तंदुरुस्तीचा दाखला आणला पाहिजे. आधी आजारी असल्याचे सिद्ध करायचे, मग नसल्याचे! ही परंपरा इंग्रजी अमदानीची. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या 'मूलभूत नियमां'त हाच सूर आहे.

तरी सरकारी नोकराचे बरे म्हणायचे. त्याला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, मात्र दुप्पट दिवस खर्ची पडतात. गिरणी कामगाराला कोणे एके काळी आठवड्याचा रविवारसुद्धा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून ती सुटी मिळाली. हे लोखंडे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतःच प्लेगने गेले. आज दर रविवारी उशिरापर्यंत लोळताना त्यांची आठवण आपल्यापैकी किती जणांना होते?

कामगार आजारी पडला तर त्याने खावे काय, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात केला. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूरला योजनेचा आरंभ झाला. कामगाराच्या वेतनातून थोडे आणि मालकाकडून थोडे अधिक घ्यायचे; त्या बदल्यात उपचार, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाचा काही भाग. पुढे हा भाग शेकडा ७० ठरला. क्षयासारख्या चिवट रोगांसाठी मुदत आणखी लांबवली गेली. आजारपणाचा हा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येणार नाही, असेही त्या कायद्यात होते. त्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात एक छोटेसे पोटकलम होते. ते मला सर्वांत आवडते. भरपगारी रजेसाठी कामगाराने १५ दिवस आधी अर्ज करावा, असा नियम. पण कारण आजारपणाचे असेल, तर अर्ज मुदतीत नसला तरी रजा द्यावी, अशी सोय! ज्या कोणा लेखनिकाने हे वाक्य घातले, त्याला माणूस आजारी 'पडतो' हे ठाऊक होते. पाऊणशे वर्षांनंतर आमच्या संगणकाला ते कोणी शिकवले नाही, एवढेच.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो, तर लेख छान झाला असता, आणि सगळा दोष यंत्राच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो. पण इस्पितळात तिसऱ्या दिवशी एक माणूस मला भेटायला आला, आणि माझी ती सोय राहिली नाही.

२०१६ च्या मार्चमधली गोष्ट. परीक्षेच्या कामाचा मी प्रमुख होतो. हाताखाली एक शिपाई होता. तरुण, ठोक पगारावरचा. घंटा देणे, पाणी देणे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलणे ही त्याची कामे. आठवड्यातून तीन दिवस हा गडी अर्धा तास उशिरा येई. कारण विचारले, तर "सर, घरी जरा काम होते," म्हणे आणि मान खाली घाली. तीन लाल शेरे झाले की एक दिवसाचा पगार कापावा, असा आमचा नियम. मी तो काटेकोरपणे पाळला. दर खेपेला लाल शेरा मारला, आणि आपण कोणाचीही भीडभाड ठेवीत नाही याचे मला मनातून समाधानही वाटले. खोटे कशाला सांगू?

एप्रिलपासून तो वेळेवर येऊ लागला. मी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, "पाहा, शिस्त लावली की लागते."

ऑगस्टात तो रक्त ओकला, तेव्हा सगळे कळले. त्याला क्षय होता. त्या काळी क्षयाची सरकारी औषधे दवाखान्यात जाऊन, तिथल्या माणसासमोर एक दिवसाआड घ्यावी लागत. दवाखाना नऊला उघडे. परीक्षेची हजेरीही नऊचीच. रोग सांगावा, तर ठोक पगारावरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोण ठेवणार? रजा तर त्याच्या नावावर एक दिवसाचीही नव्हती. पगार कापला जाऊ लागला, तेव्हा त्याने औषध चुकवायला सुरुवात केली. क्षयाचे औषध अर्धवट सोडले, की रोग पुन्हा उसळतो, आणि कधी कधी औषधालाच दाद देईनासा होतो. त्याचे नशीब थोर, की तेवढ्यावर गेले नाही. पण सहा महिन्यांच्या उपचाराच्या जागी नव्याने आठ महिन्यांचा उपचार करावा लागला, पहिले दोन महिने सुया टोचून घेत. नोकरी गेलीच.

आणि त्याला वेळेवर आणणारी शिस्त माझी होती! मला त्याला सूट देता आली असती. परीक्षेचा प्रमुख या नात्याने तेवढा अधिकार माझ्या हाती होता. दुसऱ्या कोणाला घंटा द्यायला सांगितले असते, तरी भागले असते. एकदा दार लावून घेऊन त्याला नीट विचारले असते, तरी पुरे होते. नियमाने मला विचारायला मनाई केली नव्हती. नियमाआड उभे राहिले, की विचारावे लागत नाही, हीच त्यातली सोय.

तो आता भाजीचा गाळा चालवतो. इस्पितळात आला तो मोसंब्यांची पिशवी घेऊन. माझ्या पायथ्याशी बसला, आणि माझी सगळी कथा ऐकून म्हणाला, "सर, रजा मंजूर झाली का?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखरीची काळजी होती. मला मात्र उत्तर देता आले नाही. त्याची माफी मागायचे शब्द ओठांवर आले होते. पण त्या दिवशी धीर झाला नाही. पुढे पंधरा दिवसांनी त्याच्या गाळ्यावर जाऊन मागितली. "जाऊ द्या, सर," म्हणाला, आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकली.

नियम नकोत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. नियम नसतील, तर साहेबाच्या मर्जीतल्याला रजा, आणि इतरांना वाटाण्याच्या अक्षता! पण नियम करताना तो लबाडाला डोळ्यांपुढे ठेवून करायचा की खऱ्या आजाऱ्याला, हे ठरवावे लागते. विलायतेत आजारपणाचे पहिले सात दिवस कामगाराच्या शब्दावर चालतात; डॉक्टरचा कागद लागतो तो त्यापुढे. तिथे २०१० पासून डॉक्टर नुसते 'आजारी' असे न लिहिता, कामात कोणती सवलत दिली तर रोगी काम करू शकेल, हेही लिहू शकतात. जर्मनीत मालक सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण वेतन देतो. तिथे काय लबाड नाहीत? असतीलच. पण दहा लबाडांनी दोन दिवस फुकट खाल्ले, तर होणारे नुकसान मोजता येते. एका खऱ्या आजाऱ्याला अंथरुणातून उठवले, तर काय होईल ते कोणी सांगावे?

आपल्यालाही हे एकदा कळले होते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांतली बोटांचे ठसे घेणारी यंत्रे बंद ठेवण्याचे हुकूम निघाले. अंगात कसकस वाटली, तरी घरीच थांबा, असे हरएक कचेरी विनवून सांगू लागली. आजारी माणसाने घरी राहण्यात कचेरीचेही हित असते, हा धडा सगळ्या देशाने गिरवला. साथ ओसरली, यंत्रे पुन्हा चालू झाली, आणि धडाही पुसला गेला.

हे सगळे मी घरी तावातावाने बोलत होतो. सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. दिवाळी आठ दिवसांवर आलेली, चकल्यांची भाजणी दळून आणलेली. त्यांनी हात पुसले, भिंतीवरचे कॅलेंडर खुंटीवरून काढले, आणि माझ्यापुढे धरले.

आमच्याकडे भांडी घासायला ज्या मावशी येतात, त्यांचे खाडे त्या कॅलेंडरवर लिहिलेले असतात. ऑक्टोबरच्या पानावर चार फुल्या होत्या. मी इस्पितळात होतो, त्याच आठवड्यातल्या.

"त्यांनाही ताप होता," सौ. म्हणाल्या. "मुलीकरवी निरोप पाठवला होता. मी फुल्या मारल्या, आणि महिन्याच्या शेवटी चार दिवसांचे पैसे कापले. तुमच्या त्या यंत्राला नावे ठेवताना मला हे आठवलेच नाही."

मी गप्प बसलो. त्या खोडरबर शोधीत होत्या. पण फुल्या शाईच्या होत्या. शेवटी त्यांनी प्रत्येक फुलीवर एक छोटे वर्तुळ काढले, आणि खाली समासात लिहिले: 'आजारी. पैसे द्यायचे.' नंतर तेवढे पैसे मोजून एका पाकिटात घातले, आणि ते पाकीट फराळाच्या डब्याखाली, मावशींच्या दिवाळीच्या पैशांपासून वेगळे, ठेवून दिले.